मॅडमना सांग, सरांना सांग

१८ नोव्हेंबर, मंगळवार
परत प्रशिक्षण! दिवसभर शिरपूरला प्लास्टिकच्या खुर्चीवर. "मुलांना राग ओळखायला शिकवा, भांडण बोलून मिटवायला शिकवा." पहिली-दुसरी माझ्याकडे, म्हणून मलाच पाठवलं. तिसरी-चौथीवाले हितेंद्र सर सुटले. शाळेत आम्ही दोघंच, तरी काम काय ते माझ्याच वाट्याला. कंटाळा आलाय. खरंच.

१९, बुधवार
भावनांचा पहिला तास. विचारलं, "आज कसं वाटतंय?" सुका लगेच, "पाट्यावर!" त्याला वाटलं मी मिरची वाटण्याचं विचारतेय. फळा पुसला आणि उजळणी घेतली.

२४, सोमवार
सुका आणि बादलचं पेन्सिलीवरून भांडण. म्हटलं, बोलून मिटवा. तर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले आणि मधे दुसरीतल्या रुपलीला बसवलं.
"रुपली, बादलले सांग, मन्ही पेन्सिल दे."
"सुकाले सांग, नही देस."
हातभर अंतर नाही दोघांत! मी ओरडले, हे काय चाललंय? सुका म्हणाला, "तुमी आन सर अशेच बोलतस ना."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
खोटं नाही. वर्ष झालं सरांशी बोलून. केंद्रप्रमुखांसमोर म्हणाले होते, "मॅडम काय, निम्मे दिवस रजेवर." आई तेव्हा जळगावला दवाखान्यात होती! मीही तिथंच सुनावलं — वर्गात झोपणाऱ्यांनी बोलू नये. तेव्हापासून अबोला. घंटा द्या, चावी द्या, हजेरी पाठवा — सगळे निरोप रुपली नेते. मैदानाच्या त्या टोकाच्या खोलीत, आणि परत.

२५, मंगळवार
जाऊन बोलावं का? पण मीच का? दमले मी या अबोल्याला.

२७, गुरुवार
मधल्या सुट्टीनंतर रुपली आली. "म्याडम, सर सॉरी म्हनतस."
परत विचारलं. "हा, सॉरी."
पोरांकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहीत राहिले. डोळे भरून आले होते. आईचं आजारपण, ते शब्द, सगळं एकदम वर आलं. शेवटी माणूस वाईट नाही. उद्या मी स्वतः जाणार.

२८, शुक्रवार
गेले. पदर सावरत उभी राहिले दारात. म्हटलं, "सर, माझंही चुकलं. तुम्ही आधी सॉरी म्हणालात, मोठेपणा तुमचा."
सर बघतच राहिले. "मी? अहो मॅडम, सॉरी तर तुम्ही पाठवलंत! कालच रुपली सांगून गेली."
कुठं बघावं कळेना. मग सरांनीच विचारलं, "आई कशा आहेत आता?" सांगितलं, गेली उन्हाळ्यात. त्यांना ठाऊकच नव्हतं.

२९, शनिवार
सकाळची शाळा. आम्ही दोघांनी मिळून रुपलीला समोर घेतलं. खोटं का गं बोललीस?
तिनं सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"मन्हा पाय दुखतस," म्हणाली.