पूर्वेच्या जागी पश्चिम

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला घराच्या कागदांबद्दल लिहायला बसले आहे. दुसऱ्या कोणापाशी बोलावं असं हे नाही. आईला सांगितलं तर ती दोन दिवस नीट जेवणार नाही, आणि बाकीचे म्हणतात, भरले ना पैसे, आता सोडून दे.

वरचा मजला बांधताना घेतलेलं कर्ज मी यंदा दुसऱ्या बँकेत नेलं. सावंगीला आमच्या लॅबमध्ये एक एजंट यायचा. "मॅडम, व्याज कमी होते, हप्ता कमी होते, अन् खर्च म्हनान तं काहीच नाई," असं म्हणाला. मी विचारलं, वकिलाचं काही? तर म्हणाला, "ते किरकोळ असते." त्यानं पेन्सिलीनं फुल्या केल्या होत्या तिथं तिथं मी सह्या केल्या. कर्ज गेलं, हप्ताही कमी झाला, मी आईला पेढे नेले. तिसऱ्या आठवड्यात फोनवर मेसेज आला, खात्यातून एकेचाळीस हजार वजा. कारण दोन शब्दांत, कायदेशीर शुल्क. तुमच्या नातीच्या वसतिगृहाचे पैसे त्याच खात्यात होते.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेले. टेबलावरची मुलगी चांगली होती, तिनं पाणीही दिलं. पण म्हणाली, "हे चार्जेस आमचे नाईत मॅडम, वकीलसाहेबायचे हायेत. तुमी त्यायलेच विचारा." कोर्टाजवळ त्या वकिलांचं ऑफिस. तिथला मुन्शी म्हणतो, "फी बँक ठरवते ताई, आमी निसतं बिल पाठवतो." पुन्हा बँक. पुन्हा मुन्शी. हिंगणघाटला जाणाऱ्या बसमध्ये मी मनात भांडण जुळवत जायची आणि तिथं पोचले की माझ्या तोंडून "सर, जरा बघता का" एवढंच निघायचं. तुमची मुलगी असून.

चौथ्या खेपेला वकील स्वतः भेटले. त्यांनी फाईल काढली आणि तुम्ही मला करून दिलेलं बक्षीसपत्र माझ्यापुढं ठेवलं. चतुःसीमेच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "वाचा." पूर्वेस शेजाऱ्यांचं घर, पश्चिमेस नगरपालिकेचा रस्ता. बाबा, आपल्या दाराबाहेरचा रस्ता पूर्वेला आहे. रोज सकाळी ऊन त्या रस्त्यावरून ओट्यावर येतं, तुम्ही तिथंच दाढी करायचे. पहिल्या बँकेच्या वकिलानं हे पाहिलंच नव्हतं, यांनी पाहिलं. मग चूकदुरुस्तीचा दस्त, आणि देणारे हयात नाहीत म्हणून आईचं आणि माझं शपथपत्र, पेपरात जाहीर नोटीस. आईला मी "बँकेचा कागद आहे" म्हणून अंगठ्याचा ठसा द्यायला लावला होता, तो याचाच होता हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "पण एवढा खर्च येईल हे आधी कोणी सांगायला नको होतं का?" ते म्हणाले, "तुमची मंजुरी आहे ना. सही तुमचीच आहे."

तहसीलीसमोर टिनाच्या शेडखाली तुमचं दस्तलेखनाचं टेबल होतं, टाइपरायटर, शाईचं पॅड, दगडाखाली ठेवलेले कोरे कागद. कोणी आलं की आधी तुम्ही पैसे सांगायचे, मगच कागदाला हात लावायचे. दहावीच्या सुट्टीत मी तुमच्यासाठी एका खरेदीखताची नक्कल केली आणि गट नंबरचा एक आकडा चुकला. तुम्ही पक्षकारांसमोर तो कागद टराटरा फाडला. "माह्या पोरीनं लिहिलं म्हनून चालन का? एका आकड्यानं वावर जाते मानसाचं!" मी शेडमागं जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही मला आलुबोंडे खाऊ घातले, पण बोललेला शब्द मागं घेतला नाही.

बक्षीसपत्र केलं त्या वर्षी तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. परवाना तुम्ही परत केला होता. मी म्हटलं, कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेऊ. तुम्ही म्हणालात, "माह्या पोरीचा कागद दुसरा कोन कायले लिहिन?" टाइपरायटर घरी आणला आणि तीन दिवस बसलात. मी शेजारी बसून पानं लावली. मीही वाचलं नाही, बाबा. तुम्ही लिहिलेलं तपासायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बँकेकडे मी लेखी तक्रार केली, तुमच्याच भाषेत, उपरोक्त विषयास अनुसरून. दुरुस्तीचा खर्च माझा, मान्य, पण न सांगता खात्यातून काढून घेणं मान्य नाही, असं लिहिलं. महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं, आपण स्वाक्षरी केलेल्या अटींनुसार कारवाई योग्य आहे. वर पाठवायचं तर पुन्हा तेच कागद, पुन्हा रजा. मी पाठवलं नाही. वसतिगृहाचे पैसे लॅबमधल्या मैत्रिणीकडून घेतले. जाहीर नोटिशीचं कात्रण मात्र कपाटात ठेवलंय. त्यात तुमच्या नावामागं कैलासवासी छापलंय, आणि या मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे.

वकिलांच्या ऑफिसातली एक गोष्ट मी वर लिहिली नाही. फाईल मिटताना त्यांनी विचारलं होतं, "ड्राफ्ट कोनं केला हा?" खाली लिहिणारा म्हणून तुमचं नाव नव्हतं. मी म्हटलं, "असेल कोणी तहसीलीतला." ते हसले. "बसतात तिथं असे. धड येत काही नाई अन् लोकायच्या घरादाराशी खेळतात." मुन्शी माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता बोललं तर ते बिलात काही कमी करतील तेही करणार नाहीत.

मी म्हटलं, "हो ना, सर."