बकरी नसलेली कॅसेट

इश्वर, चष्मा विसरून वाचायला बसला असशील. ऊठ, आधी घेऊन ये. मला आता कुठे जायची घाई नाही.

मी सत्यभामाबाई गोमाजी गभणे, राहणार करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत, कोणी न शिकवता हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणारे लक्ष्मणराव. त्यांनी काही गाळायचे नाही, पुढचे मागे करायचे नाही.

१. राहते घर मुलगा इश्वर याला. मागची खोली मात्र थोरली सून पुष्पा हिची. माझा थोरला पुंडलिक गेल्यापासून ती तिथेच राहत होती. तळ्याखालची धानाची बांधी, तेवढे शेतही तिचेच. आता ती लाखांदूरला भावाकडे असते. का, ते ऐका.

२. इश्वरच्या मुलीच्या, चंद्रकलेच्या हळदीला पुष्पा वाटी घेऊन पुढे झाली. इश्वरच्या सासूने विधवेचा हात म्हणून तो मागे सारला. मी तेव्हा चुलीपाशी होते. मीही विधवाच, मला कोणी वाटीसुद्धा दिली नव्हती. पुष्पा मागच्या खोलीत गेली ती लग्नाच्या दिवशीही बाहेर आली नाही, जेवली नाही. त्या दिवशी बकरीने व्याह्याच्या गळ्यातला हार ओढून खाल्ला आणि मी पोट धरून हसले.

इश्वरचा तुमसरला व्हिडिओ शूटिंगचा धंदा. एका मशीनवर कॅसेट चालवायची, दुसरीवर हवे तेवढे उतरवायचे. याला तो मिक्सिंग म्हणतो. चंद्रकलेच्या लग्नाच्या कॅसेटीत त्याने पुष्पाचा मागे सारलेला हात दाखवला आणि लगेच त्याला माझे हसू जोडले. बकरी काढून टाकली. अंगणात टीव्हीपुढे सारे गाव हसले. पुष्पाने एवढेच विचारले, "आत्याबाई, तुमी हासल्या?"

मी नाही म्हटले. पण टीव्हीत मी हसतच होते. सकाळच्या एसटीने ती गेली.

इश्वरला म्हटले, मूळ कॅसेट तिला दाखव. तर त्या कॅसेटवर याने दुसऱ्या कोणाचे लग्न भरलेले. वर मलाच म्हणतो, "लोकं हासले ना माय. मंग तू कायले मनाले लावून घेऊन राहिली?"

लक्ष्मणराव म्हणतात, मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत. लिहा म्हटले.

३. दोन्ही मशिनी माझ्या पाटल्या मोडून आल्या, म्हणून माझ्या. एक इश्वरला, दुसरी पुष्पाला. एका मशीनने नुसते बघता येते, जोडता येत नाही. यापुढे कोणाचे हसू कोणाच्या अपमानाला जोडायचे असेल, तर इश्वरने लाखांदूरला जाऊन वहिनीला विचारावे.

४. माझ्या मयतीचे शूटिंग करू नये. कोण रडणार नाही ते मला ठाऊक आहे. मिक्सिंगमध्ये तुम्ही सगळ्यांना रडवाल.

५. हा कागद इश्वरने पुष्पासमोर बसून मोठ्याने वाचावा, पहिल्या ओळीपासून, मधले काही न सोडता.

सत्यभामाबाई गभणे यांच्या डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: धनीराम (सही), ताराबाई (अंगठा)
मुक्काम करडी, ११ फेब्रुवारी १९८८

अंगठा दिल्यावर साक्षीदारांसमोर आणखी सांगितले: पुष्पाकडे जाताना माझ्या तेरवीचे अन्न नेऊ नये. त्या लग्नातली बुंदी तिने खाल्ली नाही. ताजी पाडून न्यावी. डब्यातून नको, हळदीच्या त्याच वाटीतून इश्वरने आपल्या हाताने द्यावी, आणि तिने मागे सारली तर मुकाट्याने परत पुढे करावी.