डोकं पाहून घाबरू नको

आई, तुझ्या अन् बाबाच्या पाया पडून लिहून राह्यलो.

मी बरा आहो. बाबाचा खोकला कसा आहे? शनिवारी लामत्याले येईन, तेव्हा माझं टक्कल पाहून घाबरू नको. बाप जिता असताना पोरानं डोकं काहून भादरलं, असं शेजारणी विचारतील. नवस होता म्हणून सांग.

खरं तुलेच सांगतो. उन्हाळ्यात नागपूरहून वैदेही मॅडम आल्या होत्या. खाणीतली मँगनीजची धूळ अंगात किती गेली, ते केसांतून समजते म्हणे. आम्ही खुशीनं केस देल्ले. आमच्यासंग खाणीत काम करणाऱ्या दादाजीच्या केसांत सगळ्यात जास्त निघालं. आता त्याचा इलाज होईल वाटलं, तर ठेकेदार म्हणे, "तबियत सांभाळ. उद्यापासून येऊ नको."

परवा मॅडम पुन्हा आल्या, तर आम्ही सगळे डोकं भादरून बसलेलो. त्या हातात कैची घेऊन उभ्याच राह्यल्या. "अरे, मी तुमच्यासाठीच येते ना?" म्हणाल्या.

मग मले विचारलं, "मुनेश्वर, हात थरथरतात का?"

"नाही मॅडम," म्हटलं. हात खिशात होते.

बाबाले सांगू नको.

तुझाच,
मुनेश्वर