दादाला विचारल्याशिवाय भाजी आणू नका

बाबा,

छापखान्यात कॅलेंडरांची घाई आहे, म्हणून लवकर निघाले. कपडे धुवायला वॉशिंग मशीन उघडलं, तर आत दोन कोबी आणि वांग्यांची पिशवी! फ्रीजमध्ये जागा उरली नाही, तर माझ्यापासून लपवायला हीच जागा सापडली का? भाजी टोपलीत काढून ठेवली आहे. त्या कागदी ताटल्या दुकानदाराला परत करा. घरात माणसं दोन आणि चांगली ताटं डझनभर आहेत.

आता आणखी काही आणू नका. गेल्या सणाला नासलेलं अन्न पिशव्या भरभरून मी खाली नेलं, तेव्हा कचरा नेणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काय गं, पाहुणे आलेच नाहीत वाटतं?" त्यांना काय सांगणार? दादा बायकापोरांना घेऊन येईल म्हणून बाबा दरवर्षी घर भरतात, पण येणार का, एवढं मात्र त्याला विचारत नाहीत?

भांडण तुम्हा दोघांचं आणि उकिरडा उपसायचा मी, हे आता पुरे झालं. "त्याला गरज असेल तर तो करेल फोन," हे मला ऐकवू नका. तिकडे तोही हेच म्हणतो. आज जेवायच्या आधी तुम्हीच फोन लावा आणि सरळ विचारा. नाही म्हणाला, तर ताजी आहे तोवर निम्मी भाजी शेजारच्या काकूंना देऊन टाका.

हो म्हणाला, तर मला लगेच कळवा. आहे त्यात भागायचं नाही, येताना बाजारातून आणखी घेऊन येईन.

– धाकटी