दुसऱ्या पानावर

रविवार, ९ मार्च
रेल्वेचं प्रतीक्षालय, दुपार

प्रिय वहिनी,

“नव्या गावात पाय ठेवला की पहिलं काम, परतीची गाडी विचारायची. मग चहा, मग देव.” मी नऊ वर्षांची असताना अण्णा हे म्हणाले होते. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार? ‘अण्णा आशीर्वादसुद्धा फलाट क्रमांकासकट देतात,’ असं तूच म्हणायचीस.

आज सकाळी या शहरात उतरून चार दिवस झाले आणि परतीची गाडी मी अजून विचारलेली नाही.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून दुखतो का? छकुलीची परीक्षा संपली असेल. मी बरी आहे. शाळेत यंदा दोन नव्या तुकड्या आल्यात, सगळी मोठी माणसं, दिवसभर राबून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी. जुन्या तुकडीतला एक न्हावी अजून येतो, त्याला भूतकाळ काही केल्या जमत नाही. “बाई, झालं ते झालं, त्याचं वेगळं रूप कशाला?” असं म्हणतो. वर्ग हसतो. मीही हसते.

वर्षभर तू फोनवर आली नाहीस. दादा दर आठवड्याला बोलतो, माझी काळजी करतो, आणि मागे भांड्यांचा आवाज येतो. तो तुझा, एवढं कळतं. हे पत्र तू फोडशील की नाही हेही माहीत नाही. म्हणून लांबण लावत नाही. (लावतेच आहे.)

अण्णांना मी शहरांची पत्रं लिहायची ती तुला पाठ असतील. वाचून तूच दाखवायचीस. ‘मास्तरीणबाई दर शनिवारी नवं शहर बघतात, आम्ही इथे दूधवाल्याची वाट बघतो,’ असं तू म्हणायचीस, पण पत्र आलं की हात पुसून आधी तेच घ्यायचीस. स्वल्पविरामाला थांबायचीस. शेवटी मी लिहायची, ‘परत पाच चाळीसच्या गाडीने आले.’ मग अण्णा म्हणायचे, “पोचली,” आणि जेवायला उठायचे.

त्यातल्या पहिल्या दोन सहली खऱ्या होत्या.

तिसऱ्या शनिवारी पाऊस होता. चौथ्या शनिवारी कंटाळा आला. पाचव्या शनिवारी निमित्तही लागलं नाही. इथे सुट्टी म्हणजे काय असते ते तुला कधी सांगितलं नाही. पाच दिवस माणसांत बोलून घसा बसतो आणि उरलेले दोन दिवस ‘दूध द्या’ याखेरीज शब्द निघत नाही. मी पडून राहायची. रविवारी दुपारी वाटायचं, अण्णा वाट बघतील. मग टेबलावरचा गठ्ठा ओढायची. वर्गाला मी नेहमी एकच निबंध घालते, ‘माझं शहर’. सगळे वेगवेगळ्या गावांहून पोटासाठी आलेले, त्यामुळे भरभरून लिहितात. नर्सच्या शहरात पुलाला सत्तावीस पायऱ्या होत्या. न्हाव्याच्या शहरात घड्याळाच्या मनोऱ्याखाली एक बाई चपला शिवायची. लाल पेनाने त्यांच्या चुका काढायच्या आणि निळ्या पेनाने त्यांचं शहर अण्णांना पाठवायचं. लोकांच्या आठवणी मी माझ्या सहली म्हणून खपवल्या.

तू एकदा फोनवर विचारलं होतंस, “वन्स, सगळ्या शहरांचा शिक्का एकच कसा हो?”

“घरी येऊन टाकते ना पत्र,” मी म्हटलं.

“हो का,” तू म्हणालीस. त्या ‘हो का’चा अर्थ मला तेव्हाच कळला होता. तरी तू वाचत राहिलीस.

एक गोष्ट मात्र कुणाच्या निबंधातली नव्हती, माझ्या पदरची होती. प्रत्येक स्टेशनात मी एक म्हातारा बसवायची. मांडीवर कापडी पिशवी, आणि गाड्यांच्या वेळा पेनाने तळहातावर लिहिणारा. ‘अगदी तुमच्यासारखा, अण्णा!’ त्यावर अण्णा खूश व्हायचे. “मग विचारायचं ना त्याला! कागद हरवतो, हात कुठे हरवतो?”

आता गेल्या वर्षीच्या सुट्टीबद्दल.

तू म्हणाली होतीस, “या सुट्टीत या. अण्णा विचारतात.” मी म्हटलं, शाळेतल्यांबरोबर आठ दिवसांची सहल ठरलीय, तिकिटं काढलीत. वहिनी, कसलीही सहल नव्हती. त्याआधी महिनाभर तू फोनचा कॅमेरा अण्णांसमोर धरला होतास, आठवतं? ते माझ्याकडे बघून सावरून बसले आणि म्हणाले, “या बाई, बसा. साहेब जेवायला गेलेत.” तू हसून वेळ मारून नेलीस. नंतर तेच म्हणाले, “आमच्या मुलीचं पत्र आलं नाही अजून.” त्यांना पत्रातली मुलगी आठवत होती, समोरची नाही. घरी येऊन त्यांच्या पलंगाशी परकी बाई म्हणून बसायचं माझ्याच्याने झालं नसतं. पत्रातली होऊन राहणं सोपं होतं. तू रोज त्यांना न्हाऊ घालत होतीस, आणि मला साधं त्यांच्यासमोर बसवेना.

टपालाला दहा दिवस लागतात. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच ‘पोचले’ म्हणून पत्र लिहून टाकलं. त्या वेळी ट्रक ड्रायव्हरचा निबंध हाताशी होता. तो त्याने अर्धाच लिहिला होता, तास संपला म्हणून. स्टेशनाबाहेर गोल बाग, बागेत मुका कारंजा, समोर पिवळी शाळा, तिथे वाक्य तुटलेलं. मीही तिथेच थांबले. खाली सही केली. परतीची वेळ लिहायची राहिली.

राहिली, म्हणजे बघायला हवी होती आणि मला उठायचा कंटाळा आला.

मग सुट्टी लागली आणि मी फोन बंद केला. कुणी ‘दाखव बघू कुठे आहेस’ म्हणू नये म्हणून. सहा दिवस खोलीत पडदा लावून होते.

पुढचं तू भोगलंस, मी फक्त ऐकलं. पत्र आल्यापासून अण्णा विचारत होते, “परतीची कितीची? लिहिलं नाही तिने.” तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस तेव्हा ते दार उघडून गेले. अकरा ते चार, उन्हात, आपल्याच जुन्या खिडकीसमोरच्या बाकावर. येईल त्या कंडक्टरला माझी गाडी विचारत होते. कँटीनवाल्याने ओळखलं म्हणून फोन तरी आला. दोन दिवस दवाखान्यात. मी फोन चालू केला तेव्हा अण्णांना अग्नी देऊन सगळं उरकलं होतं.

दादाने मला बोल लावला नाही. एकच विचारलं, “तू परतीची वेळ लिहिली होतीस ना?”

“हो,” मी म्हटलं. “दुसऱ्या पानावर.”

का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. जीभ पुढे गेली. मागून तुझा आवाज आला, “दुसरं पान? दुसरं पान कुठे होतं?” आणि मग कपाटाचे खण उघडल्याचा आवाज. एक, दुसरा, तिसरा. गादी उचलल्याचा. दादा म्हणाला, “बघ, वाचलंच नाही हिने.” मी फोन कानाला धरून ते खण ऐकत होते. तेव्हा बोलता आलं असतं.

तो आवाज गेलेला नाही, वहिनी. वर्गात कुणी बाक सरकवला तरी मला तोच ऐकू येतो.

छकुलीने दिवाणखान्यातून हळूच फोन करून सांगितलं, “आत्या, आई आता माझा धडासुद्धा मोठ्याने वाचत नाही. बाबा म्हणतात, आई अर्धंच वाचते.” त्या शनिवारी मी पुन्हा खरी गाडी पकडली.

वर्षभर तेच करतेय. शनिवार-रविवार, जोडून सुट्टी, मिळेल तेव्हा निघायचं आणि अण्णांना पाठवलेली शहरं बघायची. आधी वाटलं, खोटं खरं करता आलं तर थोडं हलकं वाटेल. नर्सच्या पुलाच्या पायऱ्या मोजल्या. सत्तावीसच. मनोऱ्याखाली चपला शिवणारी बाई होती, आता चष्मा लागलाय तिला. आणि स्टेशनात, खांबाला टेकून, तो म्हातारा होता.

हसू नकोस. पहिल्यांदा मीही मनाशी हसले, म्हातारे काय सगळीकडेच असतात. पुढच्या शहरात कोट वेगळा होता, टोपी वेगळी, पण पिशवी मांडीवर आणि पेन हातात. तिसऱ्या शहरात मी जवळ गेले आणि तोंडून मराठीच निघालं, “कितीची आहे हो?” त्याने माझ्याकडे बघून हात पुढे केला. तळहात कोरा होता. नुकताच धुतल्यासारखा ओलसर. मी वर बघेपर्यंत गर्दीची लाट आली, आणि मग तिथे एक बाई पोराचं नाक पुसत बसली होती.

हे शहर ट्रक ड्रायव्हरचं, शेवटच्या पत्रातलं. मुद्दाम त्याच तारखांना आले. गोल बाग आहे. कारंजा मुकाच आहे. पिवळ्या शाळेला आता पांढरा रंग दिलाय. म्हातारा मात्र नाही. चार दिवस सकाळी येते, संध्याकाळी दारं लावेपर्यंत बसते, त्याची वाट बघते. आज मघाशी फरशी पुसणारी बाई माझ्यापाशी थांबली. पाय वर घ्या म्हणाली, मग माझा हात बघून तिच्या भाषेत म्हणाली, “एवढ्या गाड्या लिहून ठेवल्यास, एकही पकडली नाहीस?”

मी हात बघितला. मनगटापर्यंत वेळा होत्या. अक्षर माझंच होतं.

तो इथे कसा असेल, वहिनी? तो तिथे आहे, आपल्या स्टँडवर, कोऱ्या हाताने. त्याला वेळ कुणी सांगितलेलीच नाही.

दादाला मी सांगितलं नाही असं नाही. दिवाळीनंतर फोनवर म्हटलं, कदाचित ते पान माझ्याकडूनच टाकायचं राहिलं असेल. तो म्हणाला, “तिला पाठीशी घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.” आणि तुझ्यापाशी खोटं काय बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं त्याने एका शब्दात मानलं, खरं मी अर्धं सांगितलं आणि ते त्याने मानलं नाही.

म्हणून सोबत ड्रायव्हरचा अर्धा निबंध जोडलाय, माझ्या लाल खुणांसकट. त्या शेवटच्या पत्राचं पाकीट तू टाकलं नसशील. त्यावरचा शिक्का बघा. मी राहते त्याच गावचा, सुट्टीच्या आधीचा. तू तो तेव्हाच पाहिला असणार, आणि बोलली नाहीस. का नाही बोललीस ते मी विचारणार नाही.

आता उठून खिडकीवर जाईन आणि तिकीट काढीन. हे पत्र तुला मिळाल्यावर चार दिवसांनी, तेवीस तारखेला रविवारी, मी आपल्या स्टँडवर उतरेन. संध्याकाळी पाच चाळीस. ही वेळ चौकशी करून लिहिलीय. घ्यायला कुणी यावं म्हणून लिहिलेली नाही.

मागायचं आहे ते वेगळंच. दादाला समोर बसव आणि हे पत्र मोठ्याने वाच. तुझं उत्तर मला माहीत आहे. ‘वन्स, माझी वकिली मी करत नसते. आणि वाचायचं मी सोडलंय.’ तुझं बरोबर आहे. तुझ्या जागी मीही हे पत्र चुलीत घातलं असतं.

तरी वाच. अण्णांसाठी वाचायचीस तसं, स्वल्पविरामाला थांबत. मध्येच तो उठेल, उठू दे, तू थांबू नकोस. पानांवर आकडे घातलेत, सहा आहेत. आणि वाचून झाल्यावर त्याला सांग, त्या पत्राला एकच पान होतं, आणि ते तू शेवटपर्यंत वाचलं होतंस.

तुझी,
वन्स