वजूच्या आधीची सुई

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सकाळची शुगर १३४. सुई टोचताना अब्बांनी डोळे घट्ट मिटले. उकळत्या पाकाशी अख्खा जन्म काढलेला माणूस, आणि एवढ्याशा सुईला भितो! "पास की नापास?" — पास.

होळी सतरा दिवसांवर आली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये (आम्ही त्याला ऐटीत कारखाना म्हणतो) भट्टी पेटली. सागवानी साचे धुऊन झाले, दोरे कापून झाले. फुलवंताबाई यंदाही आली. साच्यातून हार-कंगण अलगद सोडवायचं काम वीस वर्षं तीच करते. होळीला अर्ध्या शहाद्याच्या पोरांच्या गळ्यात आमचेच साखरेचे हार असतात. आणि बनवणारा कोण, तर साखरेचा पेशंट! लोक हसतात. मला नाही येत हसू.

ही वही मराठीत. अब्बा मराठी बोलतात, अहिराणी तर फर्डी बोलतात, पण वाचतात फक्त उर्दू. बरं आहे तेच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर स्पष्ट म्हणाले — इन्सुलिन चालू आहे, रोजे ठेवू नका. अब्बांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता म्हणाले, "बावन्न साल से एक नहीं छोड़ा."

परत आत गेले मी. डॉक्टरांनीही हात टेकले. मग असं ठरलं: सहरीला (पहाटेचं जेवण) आणि इफ्तारीला (रोजा सोडताना) इन्सुलिन, आणि आकडे दोन वेळा, पहाटे एक आणि संध्याकाळी एक. संध्याकाळचा मी शाळेत शिकवून आल्यावर घेणार. मौलानांना विचारून आले, बोटातून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. वजू, म्हणजे नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं, मात्र तुटतो. म्हणून आधी सुई, मग वजू, मग असरची नमाज. छान बसलं गणित!

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. पहाटे १२८.

संध्याकाळी ३१८!!

दुसरं बोट — ३२६. भट्टीजवळच बसले होते, ओठ सुकलेले. मी विचारलं, काही खाल्लं? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. "रोजे से हूँ, अंजुम."

३ मार्च, सोमवार

पहाटे १३१. संध्याकाळी ३४२.

दिवसभर अन्नपाण्याशिवाय राहिलेल्या माणसाची साखर वर जाते कशी? साधा हिशोब आहे. चौथीतला पोरगाही सांगेल.

५ मार्च, बुधवार

डॉक्टरांना आकडे दाखवले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, रोजा ठेवून साडेतीनशे? खातायत ते." सहरीचं इन्सुलिन चार युनिट वाढवलं.

शाळेत योगेंद्र सरांना सांगितलं. ते प्रकाशा गावचे, केळी-पपईची शेती, आणि शुगरवाले. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवून फिरतात. फोन जवळ नेला की आकडा! चोवीस तासांचा आलेख! दर दोन आठवड्यांनी नवी लावायची. "आता तर आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिनही येतंय म्हणे, बातमी वाचली," म्हणाले. माणूस शुगरच्या बातम्या क्रिकेटसारख्या सांगतो.

मला ती चकती हवी होती, पण खरं कारण लिहूनच टाकते. अब्बांच्या तब्येतीसाठी नाही. नेमके किती वाजता खातात ते पकडायला.

पण दर दोन आठवड्यांनी नवी, ते आपल्याला झेपायचं नाही. विषय संपला.

६ मार्च

१२२ / ३५५.

७ मार्च, शुक्रवार

११० / ३३०. आज सुई घेऊन गेले तर म्हणाले, "हात तरी धुऊ दे, वजूच करून येतो." मी म्हटलं, नाही, आत्ता. वजूनंतर टोचलं तर पुन्हा वजू करायला लागेल, आणि तुम्ही त्या निमित्ताने मशिदीत सटकाल. स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं की झालं, दवाखान्यात तसंच करतात.

अब्बांनी बोट पुढे केलं.

८ मार्च, शनिवार

फुटले आज. तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी ३६८! इन्सुलिन वाढवूनही!

सगळं बोलले. अम्मीचंही काढलं. तिलाही शुगर होती. अम्मी अशाच शपथा घ्यायची — "मेरी बात पे भरोसा नहीं?" — आणि ती गेल्यावर तिच्या गादीखाली रेवड्यांची पुडी सापडली. आधी तिचा पाय काळा पडला, मग ती गेली. तेव्हा मी गप्प बसले, विश्वास ठेवला. आता नाही ठेवणार. म्हटलं, शुगर लपवता ते लपवता, वर अल्लाहलाही फसवता? रोजा आहे म्हणून सांगता आणि पाकाची बोटं चाटता?

फुलवंताबाई मध्ये पडली. "मी दिनभर समोर बसस, ताई. त्यासनी तोंडमा दाना टाका नही." ती त्यांचीच बाजू घेणार! पुढे म्हणाली, "दुपारले घामाघूम व्हतस ते. हात कापतस." कापणारच. चोरी करणाऱ्याचे हात कापतात.

हे मी तिला बोलून दाखवलं नाही. इथे लिहिलं. इथेही लिहायला नको होतं.

अब्बा उठले, वजू केला, नमाजला गेले. घरी येऊन एक खजूर खाल्ला, पाणी प्यायले, झोपले.

९ मार्च, रविवार

दिवसभर अबोला. मी स्वयंपाकघरात रडत होते, त्यांनी ऐकलं असणार. दारात आले. म्हणाले, "हाँ. खाया था. अब रो मत."

मी विचारलं, कधी? रोज? "हाँ, रोज." कुठे बघत होते कुणास ठाऊक, माझ्याकडे नाही.

शेवटी खरं बोलले! सात दिवस जीव खाल्ला माझा! एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी बोलले असते तर काय बिघडलं असतं? राग आला, पण हलकंही वाटलं. मला वेड लागलं नव्हतं, माझा आकडा खरा होता.

म्हटलं, मग आता रोजे सोडा. म्हणाले, ते नाही.

१० मार्च, सोमवार

काल रात्रीच डॉक्टरांना फोन केला — कबूल केलं अब्बांनी. डॉक्टर म्हणाले, आणखी चार वाढवा सहरीला. पहाटे १०२ होती. मी चार वाढवले. वर दोन माझ्या मनाने.

संध्याकाळी ३०५. बघा, उतरतंय!

१२ मार्च, बुधवार

नंदुरबारच्या दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. वही पर्समध्ये कशी आली आठवत नाही. काल काय झालं ते ओळीने लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

सव्वापाचला शाळेतून आले. कारखान्यात अब्बा साच्यावर डोकं टेकून बसलेले. वाटलं, डुलकी लागली. हात लावला तर अंग ओलंचिंब, गार. जबडा आवळलेला. फुलवंताबाई म्हणाली, "आत्ते बोली ऱ्हायन्ता!" मी मशीन आणलं. कापूस, सुई. २९६.

तिने मूठभर साखर उचलली होती. "साखर टाका तोंडमा, ताई, मन्हा भाऊले असंच व्हये!" मी तिच्या हातावर फटका मारला. साखर खाली सांडली. ओरडले, आधीच तीनशे आहे, मारतेस का त्यांना? आणि रोजा आहे त्यांचा! — हो, हेही बोलले. मीच.

डॉक्टर गावाला गेलेले. तिथून गाडी करून नंदुरबार. प्रकाशाच्या पुलावर ट्रॅक्टरांची रांग, उसाचे. अर्धा तास तिथेच. अब्बांचं डोकं मांडीवर.

इथे शिरेतून रक्त घेतलं. साखर २८. दोनशे अठ्ठावीस नाही. अठ्ठावीस! नर्सने धावत सलाईनमधून साखर सोडली. मोठे डॉक्टर म्हणाले, फार वेळ गेला, मेंदूला साखर मिळाली नाही. मी मशीनचा आकडा सांगितला. "मशीन तपासून घ्या, पट्ट्या जुन्या असतील," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

डोळे उघडलेले नाहीत अजून.

१३ मार्च

आज होळी. फुलवंताबाईचा फोन आला, तयार हार तिने गिऱ्हाइकांना देऊन टाकले. विचारत होती, उस्ताद बोलले का काही?

नाही.

१५ मार्च, शनिवार

पहाटे अब्बा गेले. चौदावा रोजा.

१९ मार्च, बुधवार

मशीन घेऊन दुकानात गेले. भांडायच्याच तयारीने. दुकानदाराने आधी पट्ट्यांची तारीख दाखवली, पुढच्या वर्षीची. मग स्वतःचं बोट टोचलं. १०४. त्याच्याकडच्या दुसऱ्या मशीनवर १०७. "बाई, मशीनला काही नाही."

मग? २९६ आणि २८, एवढा फरक आला कुठून?

झोप नाही म्हणून डोकं चालत नाही.

३१ मार्च, सोमवार

ईद. शीरखुर्मा केला नाही.

६ एप्रिल, रविवार

एक काम पार पाडलं. जाणूनबुजून मोडलेल्या रोजाचा कफ्फारा असतो: साठ रोजे, नाहीतर साठ गरिबांना जेवण. अब्बा फेडायला उरले नाहीत, म्हणून मी फेडला. आज साठ जण जेवले. मोहल्ल्यातले, स्टँडवरचे.

मौलाना म्हणाले होते, गेलेल्या माणसाचं झाकलं असतंस तरी चाललं असतं, बेटी. पण मला लपवाछपवी जमत नाही. लोकांनी विचारलं, जेवण कशाचं? मी सांगितलं. हबीब उस्तादांचे रोजे मोडले होते, त्याचं. दोन म्हातारे ताटावरून एकमेकांकडे बघत राहिले. अब्बांच्याच रांगेत नमाज पढायचे ते.

फुलवंताबाई वाढायला आली होती. हे ऐकलं आणि पातेलं खाली ठेवून निघून गेली.

जाऊ दे. अब्बांचं ओझं उतरलं, ते महत्त्वाचं.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत योगेंद्र सर घरची पपई घेऊन आले. शेजारी बसले. अब्बांचं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, २९६ आणि २८ सुद्धा. मग म्हणाले, "मॅडम, टोचायच्या आधी त्यांचे हात धुतले होते ना? मी एकदा पपई कापून तशीच सुई लावली, तर तीनशेच्या वर! घाबरलो. हात धुतल्यावर एकशे वीस. म्हणून विचारलं."

मी म्हटलं, स्पिरिटने पुसायचे.

"स्पिरिटने साखर कुठे जाते, मॅडम? पाण्यानेच जाते."

घंटा झाली. तिसरीचा तास होता. काय शिकवलं माहीत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

रमजानमधला सुटलेला रोजा आज धरला. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. पाच वाजता कारखाना उघडला. एक साचा हातात घेतला, झटकला. स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं. सुई.

३२७.

नळाखाली साबणाने हात धुतले. ८८.

साठ माणसांना जेवू घालून मी गावभर सांगितलं की माझ्या बापाने रोजे मोडले. एकही मोडला नव्हता.