मास्तरांचा अंगठा

३ जानेवारी

आले बाई एकदाची! बस बघूनच जीव हरखला. आत झोपायला बर्थ, प्रत्येक बर्थला पडदा, चहाचं मशीन, आणि बाहेरून नव्या अल्बमचं हे एवढं मोठं चित्र. वीस वर्षं कोरसमध्ये काढली मी. दुसऱ्याच्या मागे उभं राहून 'आ आ' करायचं आणि त्याच्या पाठीवरचा घाम बघायचा. आता पुढचा माईक माझा. घाम बघायची पाळी दुसऱ्यांची.

गिटारवाला हा बँडचा मालक. सगळे त्याला समोरासमोर 'दाढी' म्हणतात आणि त्याला ते आवडतं. म्हणाला की अल्बम बाजारात आला आणि त्यात गायलेल्या बाईंचा घसा ऐन दौऱ्याच्या तोंडावर बसला, तुम्ही अगदी देवासारख्या धावून आलात. वीस वर्षं हा देव मागच्या रांगेत उभा होता तेव्हा दिसला नाही का, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण पहिल्याच दिवशी कशाला.

साउंडचं सगळं मास्तर बघतात. मितभाषी माणूस, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांची कामाची एक पद्धत आहे. रोजचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, जी ओळ फक्कड लागली ती ठेवून द्यायची, आणि अशा ओळी जोडून दौरा संपेपर्यंत दुसरा, लाइव्ह अल्बम तयार करायचा. ओळ पसंत पडली की मास्तर मशीनमागून अंगठा वर करतात. पुढच्या कार्यक्रमापासून ती ओळ मशीनवरूनच वाजते, आपण नुसते ओठ हलवायचे. दाढीच्या मते घशाला तेवढाच आराम. असू दे. या वयात मला आराम कर म्हणणारं दुसरं आहे कोण?

लेकीला, चिमूला फोन केला. महिनाभर ती माझ्या बहिणीकडे आहे. अठरा वर्षांची घोडी झाली तरी मी फोनवर "बोल बाळा" म्हणते आणि ती करवादते. तिलाही गायचंय. गातेही गुणाची, माझ्यासारखीच डोळे मिटून, जगाचा पत्ता नसल्यासारखी. मी म्हटलं आधी परीक्षा दे, मग काय ते बघू. शेवटच्या कार्यक्रमाला तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

५ जानेवारी

पहिला कार्यक्रम झाला. हॉल तुडुंब. "थांब जरा, दार लोटू नको" ही ओळ अशी लागली की माझ्याच अंगावर काटा आला, आणि तिकडे मास्तरांचा अंगठा वर! वीस वर्षांत मला कुणी अंगठा दाखवला तो वाकुल्या दाखवायलाच. आज लहान पोरीसारखं नाचावंसं वाटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. कपड्यांची इस्त्री करणाऱ्या एक बाई आमच्याबरोबर असतात. मुक्या आहेत म्हणे. स्टेजवर जायच्या आधी साडीच्या निऱ्या नीट करता करता त्यांनी एकदम माझ्या तोंडावर तळहात दाबला. चांगला घट्ट. मी हात झटकला आणि चार शब्द सुनावले. मुक्या असल्या म्हणून काय झालं, रीतभात नको?

६ जानेवारी

आज गंमत झाली. टॅक्सी हॉटेलवरून पुढे चालली आणि मला "थांबा" म्हणता येईना. तोंड उघडलं, जीभ हलली, आवाज नाही. शेवटी ड्रायव्हरच्या खांद्यावर थापट्या मारल्या. तो असा दचकला, बिचारा! दोघंही हसलो. बाकी सगळं बोलता येतंय. काल गार पाणी प्यायले, त्याचा परिणाम असणार.

१० जानेवारी

आणखी दोन गावं झाली. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडतोय. दाढी खूश, मास्तर खूश, लोक शिट्या मारतात.

पण दुकानात पाण्याची बाटली मागायला गेले तर "पाणी" म्हणता येईना. "ते प्यायचं द्या" म्हणाले. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि इथे तसलं काही मिळत नाही म्हणून सांगितलं. हसू आलं आणि खोलीवर आल्यावर रडूही आलं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. घसा लखलखीत आहे. ताण घेऊ नका म्हणाले. सगळे डॉक्टर हेच म्हणतात, आणि ताण घेऊनच परत यावं लागतं.

१३ जानेवारी

कळलं. बाथरूमचं दार लावून एकेक शब्द म्हणून बघितला. ज्या ओळीला अंगठा मिळाला तिच्यातला एकही शब्द माझ्या तोंडून निघत नाही. थांब नाही. दार नाही. नको नाही. पाणी, रस्ता, उद्या, काहीच नाही. लिहिता येतंय, मनात म्हणता येतंय. वेड्यासारखी आरशासमोर ओठ हलवत बसले होते.

आणि संध्याकाळी मशीनवर तीच ओळ वाजली. माझा "थांब" इतका जिवंत, इतका भरलेला. मी ऐकत उभी.

१४ जानेवारी

आजच्या हॉलच्या जिन्यात मागच्या वर्षीच्या दौऱ्याचं पोस्टर अजून चिकटलेलं आहे. मधोमध माईक धरून एक बाई. अंगावर झगमगीत कपडे, तोंड हसरं, हनुवटीवर ठसठशीत तीळ. तोच तीळ मी रोज निऱ्या घालून घेताना बघते. इस्त्रीवाल्या बाई.

यांचाच घसा बसला होता. दुपारी मास्तरांनी स्पीकर तपासायला अल्बम लावला. बाई स्पीकरला कान लावून उभ्या होत्या आणि गाण्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. त्या दिवशी माझं तोंड कशासाठी दाबलं होतं ते आता कळतंय. आणि मी त्यांना रीतभात शिकवत होते! मेले मी.

१५ जानेवारी

दाढीला जाब विचारला. अर्धे शब्द गेलेले, भांडायचं तरी कसं? बोट नाचवत, अडखळत विचारलं. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, लोक तुमचा आवाज ऐकायला तिकीट काढतात, तुमच्या गप्पा ऐकायला नाही. आवाज माणसाकडे राहिला तर सर्दीने बसतो, म्हातारा होतो, आमच्याकडे कसा ताजा राहतो. मग बाईंच्या ताज्या आवाजाचं काय झालं, मला कशाला आणलं? तर म्हणे, लोकांना दरवर्षी नवा लागतो. हे सगळं चहा पीत पीत. मास्तर तिथेच बसून वायरी गुंडाळत होते.

बॅग भरली. मग परत उघडली. इतका आवाज इथे मशीनमध्ये टाकून घरी कुठल्या तोंडाने जाऊ? बाई तरी दुसऱ्या कशासाठी इथे इस्त्री करत राहिल्या असतील?

१८ जानेवारी

एक गाणं अजून माझं आहे. तेही गेलं की बाईंसारखी पुरती मुकी. अल्बममधलं शेवटचं, आईचं गाणं. "बोल गं बाळा, एकदा बोल." अंगठा मिळतो तो सूर लागला तरच. मग नाहीच लावायचा सूर!

आज ते गाणं ठरवून बेसूर गायले. लोक हसले, कुणीतरी ओरडलं की बाई, घरी जा. वीस वर्षांत एक सूर हलला नव्हता माझा. मास्तरांचा हात खालीच राहिला. जिंकले. पण अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

२१ जानेवारी

चिमूचा फोन. म्हटलं, "बोल बाळा." निघालं! तेवढंच धड निघतं आता. पुढे मी नुसती हं, हं.

ती म्हणाली की तिने दौऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकलं, माझा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. आणि मग म्हणाली, "लोकांसाठी तेवढा आवाज आहे, माझ्याशी बोलायला मात्र तुला जिवावर येतं." तिने फोन ठेवून दिला. कसं सांगू तुला, अगं—

लिहून पाठवलं की येऊ नकोस. खरं कारण लिहिलं तर आईला वेड लागलं म्हणेल. तिने उत्तर दिलं की पहिल्या रांगेत बसवायचं कबूल केलंयस, मी येणार. हट्टी आहे. माझ्यावरच गेलीय.

२३ जानेवारी

उद्या शेवटचा. बेसूर गाणार. चिमूदेखत फजिती झाली तरी चालेल. ती हसली तरी चालेल. "बोल बाळा" देणार नाही. सगळं घ्या, तेवढं नाही.

२४ जानेवारी, कार्यक्रमानंतर

बेसूर लावायचं तर शुद्धीवर राहायला हवं, म्हणून आज डोळे उघडे ठेवून गायले. तीच चूक झाली.

समोर चिमू. मान वर करून बघत होती. लहानपणी निजवायला गायचे तेव्हा बघायची तशी. तिच्यासमोर खोटा सूर— नाही लावता आला. नाहीच आला. मेला तो अभिमान. आणि नुसता अभिमान तरी कुठे— तिला द्यायचं होतं ते गाणं. असं गायले की—

अंगठा.

ती धावत आत आली, गळ्यात पडली. मी तोंड उघडलं. काही नाही. साधा हुंकार नाही. रडले त्यालाही आवाज नव्हता.

२५ जानेवारी

चिमूला वाटतंय घसा बसलाय. लिहून दाखवायला सकाळपासून एकटी सापडत नाही, फोनही बघत नाही. दाढी तिला हॉल दाखवत फिरतोय. मशीन दाखवलं. चहा दिला.

बाईंनी इस्त्रीच्या टेबलाची अर्धी बाजू रिकामी केली. माझ्यासाठी. माझ्याकडे बघितलं नाही.

२५ — दुपार

मी वरच्या इस्त्रीच्या खोलीत. खाली स्टेज दिसतं, मध्ये जाड काच; तिकडचा आवाज इथल्या स्पीकरवर येतो, इथला तिकडे जात नाही. चिमू माईकपाशी उभी आहे. दाढीने सांगितलं असणार, गंमत म्हणून एकच ओळ म्हण—

दार बाहेरून बंद आहे. मी आणि बाई, दोघी धडका देतोय. बँड सुरू झाला. कुणाला ऐकू—

थांब म्हणायचंय. थांब. नको. सगळे तिकडे मशीनमध्ये—

वहीच धरते काचेला. मोठ्या अक्षरांत—

थांब

चिमू थांब

बघ ना वर. अगं बघ— डोळे मिटलेत तिने. माझी खोड. डोळे उघड बाळा—

बाई इस्त्री आपटतायत काचेवर— तडा जात नाही—

"थांब जरा" म्हणतेय. माझीच ओळ. सूर हलतोय, हलू दे, देवा, चुकू दे तिचं, एकदा तरी—

लागला. किती सुंदर लागला गं—

मास्तर हात